सीबी पॉइंटची सुट्टी

एमजीबी म्हणजे इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या जुन्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सिरीज’ घराण्यातली. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात काळे केलेल्या मेकॅनिकला एमजीबीच्या डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडल्यावर ओळखीचीच मंडळी भेटतात: फिरता रोटर, कंडेन्सर आणि सीबी (काँटॅक्ट ब्रेकर) पॉइंट. या पॉइंटला सुट्टी देऊन त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवता येतं, त्याचीच ही गोष्ट.

पॉइंट म्हणजे एक साधा स्विच. तो मिटलेला असताना बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह इग्निशन कॉइलमधून वाहतो आणि कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र साठतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमने, म्हणजे फिरत्या शाफ्टवरच्या उंचवट्याने, पॉइंट उघडला, की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या, कितीतरी जास्त वेढ्यांच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, बंद होताना. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटायला जरा वेळच लागतो. वीज क्षणभर साठवून घेणारा कंडेन्सर नसेल तर उघडत्या पॉइंटवरच ठिणग्या उडतील आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वाट्याला फारसं काही उरणार नाही.

आता थोडा हिशेब. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. एका ठिणगीसाठी ५ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातले जेमतेम सव्वातीन मिलिसेकंद पॉइंट मिटलेला असतो. तेवढ्यात कॉइल भरायची. त्यात पॉइंटची फायबरची टाच कॅमवर सतत घासते. ती झिजली की उघड्या पॉइंटमधली ०.०१५ इंचांची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. शाफ्टला धरणारा बुश सैल असेल तर प्रत्येक सिलिंडरला फट वेगळी. मग फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, घेऊन कितीही डोकं लावा, गाडी अडखळत मिसिंग मारतेच.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये कॅमवर चुंबकांची कडी चढते आणि शेजारी हॉल सेन्सर बसतो. चुंबक समोर आल्याचं सेन्सरला कळतं आणि कॉइलचा प्रवाह तोडण्याचं काम ट्रान्झिस्टर करतो. या सेन्सरमागचा परिणाम एडविन हॉलला १८७९ मध्ये सापडला होता. इथे कशाला काही घासत नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग टिकतं.

किट बसवल्यावर ‘ताकद वाढली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्यांची तुलना बहुधा झिजलेल्या पॉइंटशी असते. कॉइल तीच असेल तर ठिणगी काही राक्षसी होत नाही. इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगाही जुन्याच राहतात. स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर आधी त्या बदलाव्यात.

किट घेताना गाडीचं साल बघायला हवं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. ऋण बाजू बॉडीला जोडलेल्या (ऋण अर्थिंगच्या) गाडीचं मॉड्यूल, म्हणजे किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग, तिथे लावलं तर जळेल. प्लगच्या वायरीही नुसत्या तांब्याच्या नकोत, रेझिस्टन्सवाल्या हव्यात, नाहीतर त्यांचा विद्युत-चुंबकीय उपद्रव सेन्सरपर्यंत पोचतो. इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’वर विसरलात, तर काही मॉड्यूल तापून जातात.

पॉइंट मरण्याआधी कुरकुर करतो, रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून त्याला घरापर्यंत आणता येतं. मॉड्यूल मात्र बहुधा न सांगताच जातं. म्हणून काढलेला जुना पॉइंट आणि कंडेन्सर, त्यांच्या प्लेटसकट, कापडात गुंडाळून डिकीत ठेवावा. सोबत एक फीलर गेज.