भिंगऱ्या चिखलात झोपत नाहीत

‘भिंगऱ्या (स्वॅलो पक्षी) हिवाळाभर तळ्याच्या चिखलात झोपतात’ ही मूळची युरोपातली थाप अजून फॉरवर्ड होते. १५५५ साली स्वीडनच्या ओलाउस मॅग्नस या धर्मगुरूने तर मासेमारांच्या जाळ्यात भिंगऱ्यांचे गोळे सापडतात असं लिहून ठेवलं! गैरसमज कशावरून झाला असेल? स्थलांतराआधी त्या संध्याकाळी पाणथळीतल्या लव्हाळ्यांत झुंडीने उतरतात आणि एके दिवशी दिसेनाशा होतात.

खरं उत्तर पायातल्या एका कड्याने दिलं. मे १९११ मध्ये इंग्लंडात ओळखीसाठी पायात कडं घातलेली भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. वजन जेमतेम वीस ग्रॅम!

पुणेकरांनी तर या थापेवर विश्वास ठेवूच नये. ऐन थंडीत पाषाण तलावावर बघा: तांबूस गळा, दुभंगलेली शेपटी, पाण्याला चाटून जात हवेतच किडे टिपणारी माळभिंगरी. ती हिमालयातून आणि त्याच्या उत्तरेकडून येते, उन्हाळ्यात परतते. बारमाही राहते ती तारवाली भिंगरी. पुलाखाली चिखलाच्या गोळ्या चिकटवून वाटी बांधते. चिखलाशी संबंध आहे तो एवढाच.

आणि हो, तारेवर बसलेली दिसली तर ती पाकोळी (भिंगरीसारखाच दिसणारा स्विफ्ट पक्षी) नव्हे. पाकोळीला तारेवर बसताच येत नाही.