विषय चांगला, म्हणून चोरीची प्रत चालते?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत महिला दिन जवळ आला की एक समज फिरतो. ‘पॅडमॅन’सारखा (२०१८) पाळीवरचा सिनेमा म्हणजे प्रबोधन, तिकीट न लावता टेलिग्रामवरची प्रत क्लबहाऊसमध्ये दाखवली तर बिघडलं कुठे?

बिघडतं. कॉपीराइट कायदा (१९५७) विषय बघून सूट देत नाही. कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरच्या ओटीटी वर्गणीतही जाहीर खेळाची परवानगी नसते, हे तर कित्येकांच्या गावीच नसतं.

मुळात बाजूला बसवण्याच्या प्रथेवर बोलणाऱ्या सिनेमाला पैसा लावणारे मोजकेच. चोरीची प्रत त्यांचीच वसुली बुडवते. सिनेमा जरूर दाखवा, पण हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या.