पीयूसीला न दिसणारा धूर

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात चेनकप्पीला टांगलेली इंजिनं बघत उभं राहायचा मला जुना नाद. परवा तिथं २००९ सालच्या एका दहाचाकी ट्रकचं इंजिन उतरवलेलं होतं, बीएस-३, म्हणजे भारत स्टेज या धुराच्या सरकारी मानकांतली तिसरी पायरी. शेजारी फळीवर अपघातातल्या गाडीतून काढलेलं बीएस-४. मालकाचं म्हणणं सरळ होतं. "मिस्त्री, हे बसवा. धूर कमी होईल, पासिंगची कटकट जाईल." मिस्त्रींनी जुन्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ते काळं बोट मालकापुढं धरलं. "शेठ, हे काळं जाईल हो. पण युरियाची टाकी कुठं आणलीय?"

सगळी गोम त्या टाकीत होती.

डिझेल इंजिनात ज्वाला जितकी कडक, तितकं डिझेल पुरतं जळतं आणि काजळी कमी पडते. पण त्याच उष्णतेत हवेतला एरवी निरुपद्रवी नायट्रोजन ऑक्सिजनशी संधान बांधतो आणि नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ज्वाला थंड करावी तर नॉक्स घटतो, काजळी वाढते. कापसाची गादी एकीकडं दाबली की दुसरीकडं फुगते, तसं. बीएस-४ च्या ट्रकांत यातून सुटायच्या दोन वाटा होत्या. काहींनी जळलेला वायू थंड करून परत सिलिंडरमध्ये फिरवला, म्हणजे ज्वालाच मवाळ केली. काहींनी ज्वाला मुद्दाम कडक ठेवली, काजळी तिथंच जाळली आणि भरमसाट निघणारा नॉक्स सायलेन्सरवर सोपवला. तिथं युरियाच्या द्रावणाची फवारणी होते, गरम धुरात युरियाचा अमोनिया बनतो आणि तो नॉक्सचं पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून टाकतो.

फळीवरचं इंजिन या दुसऱ्या घराण्यातलं. त्याची टाकी, फवारा, उत्प्रेरक असलेला सायलेन्सर, वायरिंग, सगळं अपघातातल्या चॅसीबरोबर भंगारात गेलेलं. नुसतं इंजिन बसवलं तर काजळी खरंच कमी दिसेल, पण नॉक्स जुन्या बीएस-३ पेक्षाही जास्त निघू शकतो. नवं इंजिन म्हणजे स्वच्छ इंजिन हा हिशोब इथंच फसतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला युरिया चालू असल्याची थाप मारणारी डबीही बाजारात मिळते. तिनं डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, नॉक्स काही कमी होत नाही.

मग पीयूसीत हे पकडलं जाईल ना? नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून निघालेला धूर एका नळीत घेतात आणि त्यातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. प्रकाश अडवते ती काजळी. नॉक्सची इथं मोजणीच नाही. त्यात आरसी बुकावर साल २००९, म्हणजे मर्यादाही सैल. हा ट्रक तिथं चक्क शाबासकी घेऊन येईल.

नॉक्स मोजायचा तर जावं लागतं पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत. १९६६ पासूनची ही संस्था. अवजड गाड्यांच्या मान्यतेच्या मुख्य चाचणीत ट्रक रस्त्यावर पळवत नाहीत, इंजिन एकटंच डायनॅमोमीटरला, म्हणजे भार टाकून ताकद मोजणाऱ्या यंत्राला जोडून राबवतात आणि एका किलोवॅट-तासाच्या कामामागे किती ग्रॅम घाण निघाली ते पाहतात. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. बीएस-३ ला एवढ्या कामामागे ५ ग्रॅम नॉक्सची मुभा होती, बीएस-४ ला ३.५ ग्रॅम. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ला वेग आणि भार सतत बदलत्या ठेवणाऱ्या चाचणीत ०.४६ ग्रॅम. आणि ही परीक्षा इंजिन, कॉम्प्युटर, सायलेन्सर, युरिया अशा सगळ्या कुटुंबाची एकत्र होते. घरातला एकच माणूस उचलून दुसऱ्या घरात नेला तर ते प्रमाणपत्र त्याच्याबरोबर जात नाही.

कायदाही त्याच अंगानं बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलंच, तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. त्यामुळं त्याच मेकचं, त्याच जातीचं इंजिन टाकणं ही निर्धोक वाट, तीही आधी आरटीओला विचारून. मिस्त्री हे सगळं एका वाक्यात सांगून मोकळे झाले: "जातीचंच इंजिन टाका, नाहीतर हेच बांधू."

मालकानं जुनंच इंजिन नव्यानं बांधायचं ठरवलं. लायनर-पिस्टन नवे, पंप कॅलिब्रेशनला, नोझल टेस्टिंगला. मी होतो तेवढ्यात एक जुना नोझल तपासून झाला. हातपंपाचा दांडा दाबला, काटा वर चढला. निघायला हवं होतं धुक्यासारखं बारीक डिझेल, पण टोकाशी एक जाडसर थेंब लोंबत राहिला आणि टपकन खालच्या डब्यात पडला. "हा थेंब जळत नाही, काळा होतो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी दुसरा नोझल लावायला घेतला.