ऑफिसच्या प्रॉक्सीमागे सर्टिफिकेट एरर : पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात हा प्रसंग नवा नाही. माल भरलेली गाडी गेटवर उभी, अकाउंटंट ई-वे बिल काढायला बसलेला आणि ब्राउझर म्हणतो, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र तीच साइट सुरळीत उघडते. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायची सवय लागते. ही सवय वाईट आहे, कारण बहुतेक वेळा ब्राउझरचंच बरोबर असतं.

नव्वदच्या दशकात प्रॉक्सी, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामधली यंत्रणा, बसवली जायची ती मुख्यतः इंटरनेटचा खर्च वाचवायला : एकाने उघडलेलं पान साठवायचं आणि पुढच्याला तिथूनच द्यायचं. १९९६ साली आलेला स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्राम याच कामाचा. नेटस्केपने १९९५ मध्ये आणलेल्या एसएसएल या पद्धतीने सांकेतिक केलेला मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नसे; ती तो तसाच पुढे सोडायची. एचटीटीपीएस, म्हणजे असं सांकेतिक कनेक्शन, लॉगिन आणि पैशांच्या व्यवहारांपुरतं होतं, तोवर याने कुणाचं फारसं अडलं नाही.

पुढे अमेरिकी सरकारच्या इंटरनेट-पाळतीबद्दल स्नोडेनचे २०१३ चे खुलासे झाले, २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट सर्टिफिकेटं (साइटची डिजिटल ओळखपत्रं) सर्वांना मिळू लागली आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला ‘असुरक्षित’ म्हणू लागला. जवळपास सगळंच एचटीटीपीएसवर गेलं. व्हायरस आणि फाइलगळती तपासायची तर प्रॉक्सीला आता कनेक्शन मध्येच उघडावं लागतं. मग ती त्या साइटच्या नावाने स्वतःचं सर्टिफिकेट तयार करून ब्राउझरपुढे ठेवते. कंपनीचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या भरवशावर ब्राउझर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतो ते मूळ सर्टिफिकेट, कॉम्प्युटरवर टाकलेलं नसेल, तर एरर येणारच.

अशा मधल्या सर्टिफिकेटवर ब्राउझर एवढा संशय का घेतो? २०११ मध्ये नेदरलँड्सची डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी कंपनी हॅक झाली आणि गुगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांचे जीमेल वाचायला वापरलं गेलं. कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं निघालं. २०१२ मध्ये ट्रस्टवेव्ह या तशाच कंपनीने कबूल केलं, की कर्मचाऱ्यांचा ट्रॅफिक तपासण्यासाठी एका कंपनीला कोणत्याही साइटचं सर्टिफिकेट काढता येईल असा अधिकार आपण दिला होता. आपल्याकडचं उदाहरण जुलै २०१४ चं : एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या अधिकारातून गुगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली. सर्टिफिकेट देणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारत सरकारच्या सीसीएचं रूट विंडोजच्या विश्वासार्ह रूटांच्या यादीत होतं, फायरफॉक्सच्या नव्हतं. म्हणून फायरफॉक्स वापरणारे त्यातून सुटले.

फायरफॉक्सची ही वेगळी यादी ऑफिसात मात्र नडते. अ‍ॅडमिनने रूट फक्त विंडोजमध्ये टाकलं की क्रोम चालतो आणि फायरफॉक्स अडतो. २०१९ च्या फायरफॉक्स ६८ पासून अशी एरर आल्यावर तो विंडोजमधली रूटंही तपासून पाहतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला. तरी एरर आलीच, तर सर्टिफिकेट उघडून ते कुणी दिलंय ते बघा. तिथे कंपनीचं किंवा फायरवॉलचं (ऑफिसचं नेटवर्क राखणाऱ्या यंत्रणेचं) नाव असेल, तर रूट टाकायचं राहिलंय. ते काम अ‍ॅडमिनचं. नाव अनोळखी असेल, तर पासवर्ड टाकू नका, आधी अ‍ॅडमिनला विचारा. आणि एकाच कॉम्प्युटरवर सगळ्याच साइट अडत असतील तर तारीख तपासा. मदरबोर्डचा सेल संपला की ती मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून लागू नाही’ असं दिसतं.