दुधाचा दात, अक्कलदाढ आणि पेशींनी सोडलेलं पाणी

पंचवटीतल्या जुन्या घरी दुधाचा दात पडला की आजी तो शेणात गुंडाळून कौलांवर फेकायला लावायची. परवा भाचीचा पुढचा दात पडला, हातात घेऊन बघितला तर खालच्या पोकळीत लालसर मऊ कण अडकलेला, तोच पल्प म्हणजे दातातला गर. ताईला कोणीतरी सांगितलंय की त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) पुढे उपचाराला लागतील, पैसे भरून दात साठवून ठेवा, म्हणून हे जरा मागून सांगतो.

२००० साली अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत स्टॅन ग्रॉन्थॉस, साँगताओ शी वगैरे टीमने काढलेल्या अक्कलदाढांच्या पल्पमधे स्टेम सेल शोधल्या. मग शींच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला, त्यातही असाच लाल कण दिसला, आणि २००३ ला दुधाच्या दातांचा पेपर आला. एका दातातून फक्त १२ ते २० पेशी मिळायच्या, पण वाढायच्या भराभर.

तेव्हा सगळ्यांना वाटायचं पेशी जखमेत सोडल्या की त्यांचंच हाड होईल, नस होईल. पण प्राण्यांमधे सोडलेल्या बऱ्याचशा पेशी थोड्या दिवसांत मरून जायच्या आणि तरी फायदा दिसायचा, मग बरं करतंय कोण?

उत्तर ज्या पाण्यात होतं ते लॅबमधे रोज सिंकमधे ओतलं जात होतं. पेशी गुलाबी मीडियममधे म्हणजे पोषक द्रवात वाढवतात, दोन-तीन दिवसांत ते पिवळट पडतं, काढून नवं घालतात. २००५ मधे हृदयावर संशोधन करणाऱ्या व्हिक्टर झाऊंच्या टीमने जनुक बदललेल्या अस्थिमज्जेच्या पेशींचं नुसतं हे पाणी उंदराच्या हृदयात दिलं आणि हार्ट अटॅकचं नुकसान कमी झालं. त्यात ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रोटीनं असतात, शिवाय एक्सोसोम नावाच्या इवल्या पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८३ ला त्या पहिल्यांदा नीट दिसल्या तेव्हा पेशीचा कचरा टाकायची सोय असंच वाटलेलं, २००७ ला स्वीडनमधे कळलं की त्यातून आरएनए म्हणजे जनुकांचा निरोप नेणारा रेणू एका पेशीतून दुसरीत जातो.

दातांच्या बाबतीत मला सगळ्यात भारी वाटतं ते जपानमधल्या नागोयाचं काम. २०१२ मधे तिथल्या टीमने मणक्यातला मज्जारज्जू तोडलेल्या उंदरांत दातांच्या पेशी घातल्या आणि मागचे पाय थोडे हलायला लागले. २०१५ मधे पेशी न घालता नुसतं पाणी देऊन पाहिलं, तरी सुधारणा झाली, आणि त्यातली एमसीपी-१ आणि सिग्लेक-९ ही दोन प्रोटीनं मिळून सूज वाढवणाऱ्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना दुरुस्तीच्या कामाला लावतात हेही सापडलं. दातातल्या आणि अस्थिमज्जेतल्या अशा पेशींना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. हे नाव १९९१ मधे रूढ करणाऱ्या आर्नॉल्ड कॅप्लान यांनीच २०१७ ला लिहिलं की आता हे नाव बदला, या पेशी औषधी संदेश सोडतात.

पण यातलं बरंचसं अजून उंदरांपुरतंच आहे बरं का. २०१९ ला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेला विनापरवाना एक्सोसोम इंजेक्शनांबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला, लोकांना गंभीर त्रास झालेला. आणि आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत पैसे घेऊन साठवायला फक्त नाळेच्या रक्ताला परवानगी आहे, दाताला नाही.

ताईला हेच सांगितलं, पैसे भरू नकोस. दात डबीत ठेवलाय, रविवारी पंचवटीत गेलो की भाची स्वतः कौलांवर फेकणार आहे.