मोठे टायर घातल्यावर क्राउन-पिनियनचा रेशो कसा निवडावा

पिकअप उंच केली, मोठे टायर घातले, गाडी रुबाबदार दिसू लागली. पण चढ लागला की ओढत नाही आणि सपाट रस्त्यावरही सारखी खालच्या गिअरमध्ये उतरते. ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. अशा वेळी इंजिनात बहुधा काहीच बिघडलेले नसते. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, त्यामुळे त्याच वेगाला इंजिन पूर्वीपेक्षा कमी फिरते आणि जिथे त्याची ताकद असते त्या टप्प्याच्या खाली राहते. हे पूर्ववत करायचे तर एक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून आलेली फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलावे लागते. आम्ही सुचवलेला रेशो तुम्हाला स्वतः हिशेब करून पडताळता यावा, म्हणून हे पत्रक.

नुसती गाडी उंच केल्याने रेशो बदलण्याची गरज पडत नाही. गरज पडते ती टायरची उंची वाढल्यामुळे. उंच झालेली गाडी वारा जास्त अडवते आणि तिचे वजनही वाढते, एवढा भाग त्यात मिसळतो. म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की टायर कायमचे ठरवा आणि मगच रेशोकडे वळा. आज एका मापाचे टायर, पुढच्या वर्षी आणखी मोठे, असा बेत असेल तर तो आत्ताच सांगा. क्राउन-पिनियन दोनदा उघडण्यासारखे काम नाही.

क्राउन म्हणजे जोडीतले मोठे दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे छोटे. रेशो म्हणजे क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा. ४१ दातांच्या क्राउनसोबत ११ दातांचे पिनियन असेल तर ३.७३, १० दातांचे असेल तर ४.१०, ९ दातांचे असेल तर ४.५६ आणि ८ दातांचे असेल तर ५.१३. आकडा जितका मोठा, तितकी चाकाच्या एका फेरीसाठी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) जास्त फिरते, ओढ वाढते आणि त्याच वेगाला इंजिनाचे आरपीएमही वाढतात.

तुमच्या गाडीत आज कोणता रेशो आहे, हे डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधला, क्राउन-पिनियन असलेला भाग) कव्हरवरच्या पट्टीवरून किंवा गाडीच्या स्टिकरवरील कोडवरून कळू शकते. गाडी जुनी आणि एक्सल आधी कधी उघडलेला असेल तर पट्टीवर विसंबू नका. खात्रीचा मार्ग मोजण्याचा. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचे एकच चाक जमिनीपासून उचलून स्टँडवर टेकवा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. उचललेले चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेऱ्या घेते ते खडूची खूण करून मोजा. पावणेचारच्या जवळ फेऱ्या झाल्या तर ३.७३, चारपेक्षा किंचित जास्त झाल्या तर ४.१०. ही पद्धत साध्या डिफरन्शियलसाठी आहे; लिमिटेड स्लिप किंवा लॉकर (दोन्ही चाके कमी-जास्त प्रमाणात एकत्र फिरवणारी डिफरन्शियल) असेल तर ते काम आमच्यावर सोपवा. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका.

आता टायरची उंची. २६५/७० आर१७ हा टायर घेऊ. रुंदी २६५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ७० टक्के, म्हणजे १८५.५. अशा दोन भिंती ३७१, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिळवले की उंची येते ८०३ मिलिमीटर. याच हिशेबाने ३१५/७० आर१७ येतो ८७३ मिलिमीटर. या मापाला सरसकट ३५ इंची म्हणतात, पण हिशेबात तो ३४.४ इंच भरतो. म्हणून बोलीतला आकडा न धरता बाजूच्या भिंतीवर छापलेले माप धरा.

सूत्र सोपे आहे: जुना रेशो गुणिले नवी उंची, भागिले जुनी उंची. ३.७३ गुणिले ८७३ भागिले ८०३ म्हणजे ४.०६. बाजारात जवळचा सेट ४.१० चा, म्हणजे तो बसवला की गाडी कारखान्यातून आली होती तशी चालेल. कागदावर हिशेब इथे संपतो. आमच्या मते मात्र खरा निर्णय इथून सुरू होतो, कारण सूत्राला फक्त उंची कळते. मोठ्या टायरचे वजन, ते फिरवायला लागणारा जोर, वाढलेला वारा, लोखंडी बंपर, विंच, छतावरचे कॅरिअर, मागे ओढायचा ट्रेलर, यातले काहीच त्यात येत नाही. म्हणून सूत्राचे उत्तर आम्ही किमान मानतो. गाडी जड झाली असेल किंवा सतत माल ओढत असेल तर त्याच्या वरची पायरी, म्हणजे या उदाहरणात ४.५६, विचारात घ्यायला हवी.

दोन्हींतून निवडताना तुम्ही खरोखर ज्या वेगाने जास्त वेळ गाडी चालवता, त्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन किती फिरेल ते काढा. वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, त्याला एक्सलच्या रेशोने आणि टॉप गिअरच्या रेशोने गुणा, मग ५३०५ ने गुणून टायरच्या मिलिमीटरमधल्या उंचीने भागा. टॉप गिअर ०.७० चा असेल तर ताशी १०० किलोमीटरला मूळ गाडी सुमारे १७२५ आरपीएमवर चालत होती. नुसते टायर बदलल्यावर ती १५८५ वर आली. ४.१० बसवल्यावर १७४५ आणि ४.५६ बसवल्यावर १९४० होतात.

हे आकडे तुमच्या इंजिनाच्या टॉर्कशी ताडून पाहा. टर्बो डिझेलची पूर्ण ओढ बहुतेक वेळा दीड ते अडीच हजारांच्या दरम्यान मिळते, त्यामुळे तिला ४.१० पुरेसा होतो आणि उगाच मोठा आकडा घेऊन आवाज व इंधनाचा खर्च वाढवण्यात अर्थ नसतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद बरीच वर असते. तिथे १९४० काही जास्त नाही, आणि त्याने टॉप गिअर पुन्हा उपयोगी पडू लागतो. रेशो छोटा ठेवला म्हणजे डिझेल-पेट्रोल वाचेल, ही समजूत जड टायरांच्या बाबतीत बऱ्याचदा फसते. इंजिन कमी फिरते खरे, पण अॅक्सिलरेटर सतत खोल दाबून ठेवावा लागतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर यात हयगय करू नका. इंजिनाला ओढ पुरेनाशी झाली की गिअरबॉक्स वरखाली होत राहतो, टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक सारखे सुटते आणि त्यातली सगळी घसरण उष्णतेत जाते. ऑटोमॅटिकचे तेल या उष्णतेनेच लवकर खराब होते. आठ किंवा दहा गिअरांचे नवे गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये चांगली ओढ देतात, त्यामुळे त्यांना चार गिअरांच्या जुन्या गिअरबॉक्सइतका मोठा आकडा लागत नाही.

उंचीतला फरक पाच टक्क्यांहून कमी असेल तर रेशो बदलू नका, असेच आम्ही सांगतो. २६५/७० आर१७ ऐवजी २८५/७० आर१७ घातल्याने फरक साडेतीन टक्क्यांचा पडतो. तेवढ्यासाठी एक्सल उघडणे योग्य नाही.

मोठ्या आकड्याची दुसरी बाजूही पाहा. पिनियनचे दात कमी होतात तसे पिनियन बारीक होते आणि त्याची ताकद घटते. एकाच मापाच्या एक्सलमध्ये ८ दातांचे पिनियन ११ दातांच्या पिनियनइतके दणकट नसते. शिवाय रेशो बदलल्याने एक्सल शाफ्ट, पुढचे सीव्ही जॉइंट किंवा ब्रेक मजबूत होत नाहीत. ८०३ वरून ८७३ मिलिमीटरला गेल्यावर तेच ब्रेक सुमारे ८ टक्के कमी पकडतात. त्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो टाळू नये.

फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल एकाच रेशोचे हवेत. एक बदलून दुसरा तसाच ठेवला आणि फोर बाय फोर लावले तर दोन्ही शाफ्ट एकमेकींशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारा भाग) तुटण्यापर्यंत वेळ येते. ४.१० आणि ४.११ एवढा शतांशाचा फरक मात्र चालतो.

काही एक्सलमध्ये रेशो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की डिफरन्शियलचा कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो. उदाहरणार्थ, डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. डाना ६० मध्ये ही सीमा ४.१० आणि ४.५६ यांच्यामध्ये येते. तुमच्या एक्सलला हे लागू आहे का ते काम सुरू करण्याआधीच आम्ही कळवू. लॉकर बसवायचा मनात असेल तर त्याच वेळी बसवून घ्या, कारण कॅरिअर तसाही बाहेर निघालेला असतो.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि जोडीनेच बदलतात. बसवताना आम्ही बेअरिंग आणि सील नवे घालतो, पिनियनची खोली शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जुळवतो, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजतो आणि दातांना रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात ते पाहतो. तो ठसा दाताच्या मधोमध आलेला तुम्हाला दाखवल्याशिवाय आम्ही कव्हर बंद करत नाही. स्पीडोमीटरही तपासावा लागतो. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर टायर आणि रेशो दोन्हींचा हिशेब लागतो, चाकांवर असेल तर फक्त टायरचा. नुसते टायर बदलून गाडी १०० दाखवत असेल तेव्हा ती खरे तर जवळपास १०९ ने धावत असते.

काम झाल्यावर पहिल्या प्रवासात १५ ते २० मिनिटे सौम्यपणे चालवा आणि एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. असे काही वेळा करा. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात आणि तेल जळले तर जोडी कायमची खराब होते. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नका, जड माल भरू नका. त्यानंतर एक्सलचे तेल बदलायला गाडी आणा. त्यात धातूची बारीक भुकटी दिसेल, ती अपेक्षितच आहे. घरघर किंवा शिटीसारखा आवाज आला तर वाट पाहू नका. तो अॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, आणि कोणत्या वेगाला, एवढे लक्षात ठेवून सांगा. आवाजाऐवजी थरथर जाणवत असेल तर आम्ही आधी प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) तपासू, कारण उंच केलेल्या गाडीत दोष पुष्कळदा तिथे निघतो.