खाज तीच, औषध उलटं

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल ओली मिरची वाळत पडते. वारा त्या बाजूनं आला की रस्त्यानं जाणारा माणूस शिंकतो, डोळे चोळतो, खोकतो आणि घरी जाऊन सांगतो, मला मिरचीची ॲलर्जी आहे. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. मिरचीतलं कॅपसायसिन हे तिखट रसायन नाकाघशातल्या मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. हा ग्राहक एरवी भाजणाऱ्या उष्णतेची खबर मेंदूला देतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा ठरला. मेंदूला वाटतं, इथं काहीतरी भाजतंय. मग नाक वाहतं, डोळ्यांना पाणी येतं. मिरची पुरेशी असेल तर हे कोणालाही होईल. ॲलर्जी मात्र सगळ्यांना होत नाही, आणि ज्याला होते त्याला चिमूटभर कारणही पुरतं.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण उपचार त्यावरच ठरतो. खाज, शिंक, खोकला आणि दम या तक्रारी माणूस सांगतो तेव्हा आत काय चाललंय ते त्या शब्दांतून कळत नाही. कुठे नुसता दाह असतो, कुठे ॲलर्जी, कुठे बुरशी, कुठे क्षयाचा जंतू. यातल्या एकाचं औषध दुसऱ्याला खतपाणी घालतं. खानदेशात हे इतक्या वेळा घडताना दिसतं की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ही कल्पना मांडली. बाहेरच्या पदार्थाशी एकदा गाठ पडली की शरीराची प्रतिक्रिया बदलते, आणि ती बदललेली प्रतिक्रिया रक्षण करू शकते तशी इजाही करू शकते, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी याच माणसानं क्षयाच्या संसर्गाचा माग काढणारी ट्युबरक्युलिनची त्वचा-चाचणी आणली. संसर्ग आणि ॲलर्जी हे एकाच प्रतिकारशक्तीचे दोन चेहरे आहेत, हे त्यांना इतक्या लवकर दिसलं होतं. शिंका, पित्त उठणं, बालदमा यांच्या मुळाशी असलेलं आयजीई हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडायला मात्र १९६६ उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं ते अमेरिकेत काम करताना शोधलं आणि जवळपास त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनीही. परागकण किंवा धुळीतली सूक्ष्म कीड आली की हे प्रतिपिंड प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशींना इशारा देतं, त्या हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि काही मिनिटांत खाज सुटते, नाक चोंदतं.

आपल्या भागातली सगळ्यात हट्टी त्वचा-ॲलर्जी या वाटेनं येत नाही. ती गाजर गवताची. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे मेक्सिकोकडचं तण आज तापीकाठच्या प्रत्येक बांधावर, रेल्वेच्या कडेला, शाळेच्या पटांगणात आहे. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या पानांच्या आणि लवेच्या भुग्याबरोबर हवेतून अंगावर बसतं. इथे काम करतात टी-पेशी, त्याही प्रतिकारशक्तीच्याच, पण त्या सावकाश जाग्या होतात. संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, त्यामुळे माणसाला कारण लक्षातच येत नाही. वर्षानुवर्षं शेतात राबलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याची मान, कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण काळवंडते, जाड होते, चरे पडतात. ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून तो वर्ष-दोन वर्षं टोपी घालून फिरतो.

उन्हाची की गवताची, हे ओळखायची एक सुंदर खूण त्वचातज्ज्ञ वापरतात. ऊन जिथे पोचत नाही तिथे पाहायचं: वरच्या पापणीची घडी, कानामागचा भाग, हनुवटीखालची जागा. निव्वळ उन्हाच्या त्रासात या जागा वाचतात. हवेतून येणारा भुगा मात्र नेमका तिथेच साचतो. खात्री करायला पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे छोटे तुकडे पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवायचे, मग काढून पाहायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. इथे स्टेरॉइडचं मलम हे योग्य औषध आहे, कारण शरीराची अनाठायी प्रतिक्रियाच शांत करायची आहे. आजार जास्त असेल तर ॲझाथायोप्रिनसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रक्ततपासण्या करत देतात. आणि ज्याला हा त्रास आहे त्यानं गाजर गवत उपटायला जाऊ नये. फुलावर येण्याआधी ते दुसऱ्यानं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काढावं.

आता तेच स्टेरॉइडचं मलम दुसऱ्या एका खाजेवर लावलं तर काय होतं ते बघा.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घट्ट जीन्स, सिंथेटिक कापड, घामानं भिजलेला कमरेचा पट्टा. जांघेत, कमरेवर, काखेत गोल चट्टा उठतो. कड लाल, उठावाची, आणि मधला भाग निवळलेला. हा नायटा, म्हणजे गजकर्ण. कारण एक बुरशी, जी आपल्या कातडीतलं केराटिन हे प्रथिन खाऊन जगते. माणूस लाजेनं डॉक्टरकडे जात नाही. मेडिकलवाल्याला हळूच विचारतो आणि तो एक नळी देतो. दोन-तीन दिवसांत खाज थांबते. नळी गुणाची निघाली म्हणून घरातले सगळे तीच लावू लागतात.

त्या नळीत बऱ्याचदा तीन-चार औषधांचं मिश्रण असतं: बुरशीचं एक, जिवाणूंचं एक, आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन नावाचं जोरदार स्टेरॉइड. खाज थांबवते ती या स्टेरॉइडची करामत. खाज हा बुरशीविरुद्ध शरीरानं उभारलेल्या प्रतिकाराचा भाग असतो आणि स्टेरॉइड तो प्रतिकारच मोडून काढतं. मग बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम थांबवलं की खाज दुपटीनं उसळते, चट्टा तळहाताएवढा होतो, पोटावर, पाठीवर, चेहऱ्यावर पसरतो. त्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि पुढे तज्ज्ञालाही नुसत्या नजरेनं तो पटकन ओळखता येत नाही. महिनोन्महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे कायमचे चिरल्यासारखे पट्टे पडतात. ते पट्टे कोणत्याच औषधानं पूर्ण जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या मांडीवर ते पाहिले की फार वाईट वाटतं, कारण हे सगळं टाळता येण्यासारखं होतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची चौदा मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण सगळे जाणतो. भरीस भर म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नव्या प्रजातीचं वर्णन केलं. भारतात पसरलेल्या या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफीन हे वर्षानुवर्षं हुकमी ठरलेलं औषध चालत नाही, कारण ते ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्याच जनुकात बदल झाला आहे. त्यामुळे नायट्याचा उपचार आता आठवड्यांचा राहिला नाही, काही वेळा महिन्यांचा झाला आहे.

आणि निदान किती सोपं आहे! चट्ट्याच्या कडेची साल बोथट पात्यानं खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पेशी विरघळेपर्यंत थोडं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. सुईची गरज नाही, रक्ताची नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्वचेच्या ओपीडीत ही तपासणी मागून घ्यावी. घरात जुनी नळी असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ असेल किंवा ‘क्लोबेटासॉल’ दिसलं, तर ती नळी नायट्यावर लावायची नाही. औषध चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, चट्टा गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा, कपडे उलटे करून कडक उन्हात. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, ते इथे कामी येतं.

खरजेची गोष्ट आणखी निराळी. “रातभर खाज येस, झोप लागत नही,” असं बाई सांगते आणि मांडीवरचं लेकरूही बोटांच्या बेचक्यात खाजवत असतं. खरजेची कीड कातडीत बोगदे करून अंडी घालते, पण खाज सुटते ती किडीच्या आणि तिच्या विष्ठेच्या प्रथिनांची शरीराला ॲलर्जी झाल्यामुळे. म्हणजे इथे संसर्ग आणि ॲलर्जी एकत्रच नांदतात. पहिल्यांदा लागण झाली तर ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात न खाजवणारा माणूस घरभर खरूज वाटत असतो. म्हणूनच पाच टक्क्यांचं परमेथ्रिन हे किडी मारणारं औषध घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं आणि आठवड्यानं पुन्हा. किडी मेल्यावरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून ते पुन्हापुन्हा चोपडू नये.

आणि ज्या चट्ट्याला खाज येतच नाही, त्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम नाही, कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही, अशा वेळी कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे. त्यावर नायट्याचं मलम चोळत महिने घालवले तर नसा निकामी होतात. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो.

आता छातीकडे येऊ. खानदेश कापसाचा, आणि दिवाळीनंतर जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचे, पट्टे फिरू लागतात. कापसाच्या धुळीत बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचे कण असतात आणि त्यांवर जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष. त्यानं होणाऱ्या बायसिनोसिस या आजाराची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत हलकी होते, आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. पूर्वी अमळनेर-धुळ्यासारख्या गिरणगावांत जे सूतगिरण्यांत घडे, ते आज जिनमध्ये घडू शकतं. इथे आयजीईची तपासणी काहीच सांगणार नाही. डॉक्टरनं तुमचं काम कोणतं आणि त्रास कोणत्या वारी होतो हे विचारायला हवं, आणि त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगायला हवं.

दम्याचं निदान फुंकून होतं. स्पायरोमीटरमध्ये जोरात श्वास सोडायचा, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजायचं, मग श्वासनलिका रुंदावणारं औषध ओढून पुन्हा मोजायचं. मोठ्या माणसात १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त सुधारणा झाली तर दम्याला बळकटी मिळते. त्रास नसताना हा आकडा अगदी सामान्य येऊ शकतो, म्हणून एका चाचणीनं दमा नाही असं ठरवू नये. रात्री-पहाटे वाढणारा, ऋतूप्रमाणे येणारा-जाणारा घरघरीचा त्रास हीच मोठी खूण.

आणि पंपाची भीती सोडून द्यायला हवी. श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची, पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीच्या चाळीसाव्या हिश्शाएवढा, आणि तोही थेट श्वासनलिकेत. तरीही नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहणं धोक्याचं, कारण आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. सूज उतरवायला ओढून घ्यायचं स्टेरॉइड लागतं. ते मायक्रोग्रॅममध्येच असतं. घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

खरा घात होतो तो ‘दम्याच्या पुडी’नं. गावोगाव फिरणारा कोणी बिनपदवीचा वैद्य बिननावाची पूड देतो, दोन दिवसांत दम बसतो, महिन्याभरात गाल भरतात, आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. गाल चरबीनं आणि पाण्यानं फुगलेले असतात. रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि छातीत वर्षानुवर्षं निपचित पडलेला क्षयाचा जंतू उठतो. तो खोकला मुळात क्षयाचाच असेल तर विचारायलाच नको, रोग्याला सुरुवातीला बरं वाटतं आणि जंतू फुप्फुस पोखरत राहतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनातली घट, यांपैकी काही असेल तर आधी थुंकीची तपासणी. ट्रूनॅटसारख्या भारतात बनलेल्या यंत्रावर ती काही तासांत होते आणि सरकारी दवाखान्यात फुकट होते.

अशी पुडी महिनोन्महिने घेतलेल्या माणसानं हे वाचून ती उद्यापासून एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. पुडी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. उरलेली पुडी बरोबर घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जावं, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते न लपवता सांगावं. डोस पायरीपायरीनं उतरवत, त्याच वेळी पंप सुरू करून, ती सोडवता येते.